आशियाच्या पलीकडचं वावर

तो नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते आमचं वावर वाटलं.

मानोऱ्याहून कारंजाला जाणाऱ्या एसटीत मी दाराजवळ उभी होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इतिहासाच्या सरांनी सेमिनारसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि मला ‘मध्ययुगीन युरोपातले जगाचे नकाशे’ हा विषय आला होता. बाकीच्यांना किल्ले, मंदिरं, सत्याग्रह असे ओळखीचे विषय निघाले. माझ्या विषयाचं कुठून सुरू करायचं तेही कळत नव्हतं, म्हणून बसमध्येच मोबाईलवर शोधलं. पडद्यावर एक गोल आला. गोलाच्या मधोमध एक आडवी रेघ आणि तिच्या मध्यापासून खाली उतरलेली एक उभी रेघ. वरचा अर्धा भाग आशिया. खाली डावीकडं युरोप, उजवीकडं आफ्रिका. भोवती सगळीकडून समुद्राचं कडं. या नकाशांत वरच्या अंगाला उत्तर नसून पूर्व असते, असं खाली लिहिलं होतं.

पूर्व वर धरली की आमचं वावर असंच दिसतं. पूर्वेला डांबरी रस्ता. रस्त्याला लागून अर्धं वावर मोठ्याबाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं. त्याच्या मागं डावीकडचा तुकडा मधल्या काकांचा. ते पुण्याला कंपनीत आहेत आणि त्यांचं वावर मोठेबाबाच वाहतात. उजवीकडचा तुकडा आमचा. तिन्ही तुकडे मिळतात तिथं सामाईक विहीर. आणि मागून वळसा घालून गेलेला नाला.

म्हणजे आम्ही आफ्रिकेत राहत होतो. राहत होतो हे मी खरंच म्हणते, कारण गावातलं घर मोठ्याबाबांकडं गेलं आणि बाबांनी आमच्या तुकड्यातच टिनाचं घर बांधलं. वांगी, मेथी, पालक, सांभार, हे आम्ही लावतो आणि सकाळी कारंजाच्या हर्राशीला, भाजीच्या लिलावाला, पाठवतो. सांभार म्हणजे कोथिंबीर. कॉलेजात एका मैत्रिणीला ते सांगावं लागलं होतं, म्हणून इथंही सांगते.

वाटणी माझ्या जन्माआधी झाली. आमच्या भावकीत वाटणीची एक रीत आहे. थोरला हिस्से पाडतो आणि धाकटा सगळ्यांत आधी निवडतो. थोरल्याला उरलेलं घ्यायचं असतं, म्हणून तो इमानानं पाडतो. आणि ज्यानं आधी निवडलं, त्यानं पुढं कधी तक्रार करायची नाही. म्हाताऱ्या आई-बापाचाही एक हिस्सा धरतात, आणि ते ज्याच्या घरी शेवटपर्यंत राहतील त्याला तो जातो. आजा-आजी मोठ्याबाबांकडं राहिले, म्हणून त्यांचं वावर अर्धं.

मोठ्याबाबांनी काडीनं मातीवर रेघा ओढल्या होत्या म्हणतात. बाबा धाकटे. भावकीतले चार लोक बसलेले, आणि बाबांनी नाल्याकडच्या तुकड्यावर बोट ठेवलं. तिथली माती काळी आहे, विहीर जवळ आहे. मधल्या काकांनीही काळीच घेतली. रस्त्याकडचा मुरूम मोठ्याबाबांना उरला. बाबांनी पाणी पाहिलं, माती पाहिली. रस्ता पाहिला नाही. भाऊ भावाच्या वावरातून बंडी नेणार, यात पाहायचं काय होतं? आणि इतकी वर्षं नेलीच. विहिरीपासून डांबरीपर्यंत बंडीच्या चाकोऱ्या पडल्या होत्या. लहानपणी मी त्या चाकोरीतून डोळे मिटून चालत जायची.

या उन्हाळ्यात मोठ्याबाबांनी तलावातला गाळ आणून साऱ्या मुरमावर टाकला. ट्रॅक्टर सारखे येत-जात होते. मग नांगरट झाली, बेड पडले, ठिबकच्या नळ्या पसरल्या आणि हळद लागली. चाकोऱ्या त्याखाली गेल्या. भांडण झालं नाही. एका सकाळी बाबा बंडी जुंपून विहिरीपर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि बैल मागं वळवून घेऊन आले. मायनं विचारलं, “काहून आले?” बाबा म्हणाले, “हळद लावली त्यानं.” आणि जू उतरवलं.

त्या दिवसापासून माल डोक्यावर निघू लागला. नाल्याच्या काठानं बाभळीखालून, मोठ्याबाबांच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाहेरून वळसा घेत पुलाशी डांबरीवर चढायचं. पावसात काठ निसरडा होतो. टोपल्याखाली मान वळवता येत नाही, काटा कुठं आहे ते पायालाच आधी कळतं. मजूर त्या रस्त्यानं यायला तयार नव्हते. मग बाबा, माय आणि मी. भाजीचा ऑटो पुलावर थांबायचा, शेवटची फेरी होईपर्यंत माझी एसटी समोरून निघून जायची. पुढची यायला इतका वेळ लागायचा की इतिहासाचा तास संपलेला असायचा. सरांनी हजेरी वाचताना माझ्या नावाशी थांबून विचारलं, “ही येते की नाही?” मुली म्हणाल्या, “येते सर, उशिरा.”

पोळा झाला तेव्हा बाबा जेवताना म्हणाले, “या साली राह्य घरी. परीक्षा बाहीरून दे. नाईतर पुढच्या साली पाहू.” रागानं म्हणाले नाहीत. वांग्याची फोड बाजूला करत म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पुढच्या साली म्हणून घरी राहिलेल्या मुलींपैकी परत कॉलेजात आलेली मला एकही माहीत नव्हती. सेमिनार होईपर्यंत येऊ द्या, एवढंच मी मागितलं. ते बरं म्हणाले.

हळद वाढत गेली. आधी आमच्या ओसरीतून एसटीच्या खिडक्या दिसायच्या. मग फक्त टप दिसू लागलं. दिवाळीच्या सुमाराला तेही दिसेना, नुसता हॉर्न ऐकू यायचा. पुढं हिरवी भिंत आणि मागं नाला. मी त्या दिवसांत घरातल्या घरातही हळू चालायची, का ते मला सांगता येणार नाही.

विषय मात्र मला धरून बसला. कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाड पुस्तक होतं, त्यात मोठे नकाशे होते. त्यांतला आशिया सर्वांत वर, आणि आशियाच्याही वरच्या टोकाला, अगदी पूर्वेला, स्वर्गातली बाग. तिच्याभोवती आगीची भिंत. बाग पृथ्वीवरच आहे, पण तिथं कुणाला जाता येत नाही, असं त्या लोकांचं म्हणणं. मधोमध जेरुसलेम. भारत मी शोधून काढला, तो त्या बागेच्या खाली, कडेशी होता. आणि आफ्रिकेच्या दक्षिणेच्या काठावर विचित्र माणसं काढलेली. एकाला डोकं नाही, तोंड छातीवर. एकाला एकच मोठा पाय, तो उन्हात वर धरून त्याच्या सावलीत पडलेला. काढणारे तिथं कधी गेले नव्हते. कुणीतरी कुणाला सांगितलेलं ते काढत होते. मी ती माणसं बराच वेळ पाहत बसले. ती कडेला अशी ओळीनं दाटून बसवली होती, जणू त्यांना आत सरकायला जागा नव्हती.

सेमिनारच्या आधीच्या रविवारी मी विहिरीजवळच्या आंब्याखाली बाजेवर कार्डशीट पसरून नकाशा रंगवत होते. मोठेबाबा मोटर सुरू करायला आले. विहीर सामाईक, त्यामुळं तिथं आमची गाठ पडायचीच. ते आणि बाबा मात्र पाळी अशी साधायचे की एकमेकांसमोर येत नसत.

“काय काढून राह्यली व?”

“जगाचा नकाशा हाये, मोठेबाबा. जुन्या काळचा.”

ते वाकून पाहू लागले. “असा असते जग? भाकरीवानी?”

“तवा असा मानत.”

“मोठा हिस्सा कोणाचा?”

“आशियाचा. तीन भावांत जग वाटलं गेलं अशी त्यायची कथा होती. थोरल्याले आशिया.”

“मंग बरोबर हाये.” ते हसले. “आन थोरल्यानं गाळ कोठून आणला थे लिव्हलं का नाई?”

मलाही हसू आलं, आणि आलं म्हणून वाईटही वाटलं. मोठ्याबाबांनी बोटानं आडवी रेघ दाखवली. “आन हे खालचे? यायले बाहीर पडाले रस्ता कोठून?”

“समुद्रातून. नावेनं.”

“आपल्या नाल्यात तं नाव चालत नाई,” ते म्हणाले आणि सरळ उभे राहिले. मोटरच्या पेटीचं झाकण उघडलं. “तुह्या बापानं काळी घेतली. म्या मुरूम घेतला. रडलो का म्या?”

“नाई.”

“मंग त्यानं एक डाव तोंडानं म्हणावं. दादा, रस्ता पायजे. बस. तहसीलात जायाची गरज नाई, पंच बोलवाची गरज नाई. म्हणते का तो? नाई म्हणत. मुकाट नाल्यानं जाते, जसा मी वाघ हावो.”

ते मी संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. हात थांबले नाहीत.

“मी आधी निवडलं व पोरी. साऱ्या भावकीपुढं बोट ठेवलं. आता रस्ता मांगू म्हणजे? वाटणी मोडू?”

माय चुलीपुढून म्हणाली, “बोट ठेवलं होतं. जीभ नाई ठेवली तिथी.”

“तुले नाई समजत.”

“मले मान दुखते थे समजते,” माय म्हणाली.

बाबांनी जुडी बांधली, पाणी शिंपडलं, दुसरी घेतली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाबांना भावानं नाही अडवलं. त्यांना त्यांच्याच बोटानं अडवलं होतं. आणि मोठेबाबाही तसेच अडकले होते. कोणी मागितल्याशिवाय द्यायचं कसं, यात. दोघं आपापल्या जागी बरोबर होते आणि डोक्यावर टोपलं माझ्या होतं.

सेमिनारच्या दिवशी माय माझीही फेरी करून आली, म्हणून मला वेळेवर बस मिळाली. चाळीसेक मुलं समोर, आणि मी फळ्याला कार्डशीट टाचून उभी. पूर्व वर का असते ते सांगितलं, समुद्राचं कडं सांगितलं, मधल्या रेघा म्हणजे नद्या आणि भूमध्य समुद्र ते सांगितलं. सरांनी मागच्या बाकावरून विचारलं, “आशियालाच अर्धं जग का दिलं असेल?”

पुस्तकात उत्तर होतं. मी ते वाचलं होतं. पण तोंडातून निघालं, “आई-वडील त्याच्याकडं राहिले असतील, सर.”

वर्ग एकदम हसला. कोणी तरी मागून म्हणालं, “आफ्रिकेचा सातबारा काढला का मॅडम?” आणि मग तर बाकं वाजली. मला वाटलं, आता संपलं, हा माझा इथला शेवटचा दिवस आणि तो असा गेला.

सर हसले नाहीत असं नाही, पण त्यांनी हात वर करून वर्ग शांत केला. म्हणाले, “आई-वडील सांभाळल्याचा उल्लेख मला तरी कुठं सापडला नाही. पण हिने एक गोष्ट बरोबर पकडली. हा नकाशा वाटणीचा आहे. कुणाकडं काय आलं ते तो सांगतो. आशियात पवित्र भूमी होती, बाग होती, थोरल्याचा वंश होता, म्हणून त्याला मान मोठा आणि जागा मोठी.”

मघाशी सातबारा म्हणणाऱ्यानंच विचारलं, या वेळी नीट, “मग सर, यात रस्ते कुठं आहेत?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “रस्ते नाहीत.”

“मग लोक जात कसे?”

“विचारत जात,” मी म्हणाले. हे मात्र पुस्तकात होतं. त्या काळचे प्रवासी असा नकाशा हातात धरून निघत नसत. पुढच्या गावाचं नाव लक्षात ठेवत आणि तिथं पोचले की पुढचं विचारत.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती. कार्डशीटची गुंडाळी मांडीवर होती. वाटणी झाली तेव्हा मी जन्मले नव्हते, हे तर मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्याचा अर्थ असा की मी काही निवडलेलं नाही, हे त्या दिवशी पुलाच्या अलीकडं कुठंतरी माझ्या डोक्यात आलं. बाबांनी बोट ठेवलं. माझं बोट त्यात नव्हतं. तक्रार न करण्याची रीत निवडणाऱ्याला आहे. मला ती लागू होते की नाही, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

तरी मला धीर व्हायला वेळ लागला. दोन-तीन सकाळी मी मोठ्याबाबांना पुलावरून पाहिलं आणि खाली मान घालून निघून गेले. एका सकाळी टोपलं ऑटोत रिकामं केलं आणि तशीच, गुडघ्यापर्यंत चिखलात, डांबरीवरून त्यांच्या वावराच्या फाटकाशी गेले. ते ठिबकची नळी झटकत होते.

“मोठेबाबा, मले कॉलेजात जायाचं हाये. रस्ता पायजे.”

त्यांनी नळी खाली ठेवली नाही. “बापानं धाडलं?”

“नाई. मी आली.”

“त्याले माहीत हाये?”

“नाई.”

“मंग त्याच्या वावराचा रस्ता तू कशी मांगतं?”

“वाटणी झाली तवा मी नव्हती. मी काई निवडलं नाई, मोठेबाबा.”

ते माझ्या पायांकडं पाहत होते, चिखलाकडं. त्यांची बायको, मोठीमाय, हळदीतून काहीतरी घेऊन आली होती, तीही उभी राहिली. मला वाटलं आता ते म्हणतील, फार शिकली. ते म्हणालेच. “लय शिकली व तू.” मग नळी पुन्हा झटकली. “बंडी नाई येऊ देणार मी. माती दाबते. हळद निंघेपर्यंत तं नाईच.”

मी बरं म्हणाले आणि परत नाल्यानं घरी आले. त्या दिवशी एसटी चुकलीच होती.

दुसऱ्या सकाळी विहिरीजवळ गेले तर हळदीत एक फट दिसली. दोन बेडांमधल्या सरीतली पानं दोन्हीकडं सुतळीनं मागं बांधली होती. तिथली ठिबकची नळी उचलून बेडावर घेतली होती. सरी विहिरीपासून सरळ गेली होती आणि तिच्या शेवटी, दूर, डांबरीचा काळा ठिपका दिसत होता. मोठेबाबा कुठं दिसले नाहीत.

मी घरी येऊन सांगितलं. माय टोपलं घेऊन उठली आणि सरळ सरीत शिरली. बाबा विहिरीपर्यंत आले. त्यांनी बांधलेली पानं पाहिली, सुतळीची गाठ बोटानं चाचपली. मला वाटलं आता तेही येतील. ते म्हणाले, “जाय तू. गाडी येईन.” आणि डोक्यावरची चुंबळ नीट करून नाल्याकडं वळले.

सरी फार अरुंद आहे. टोपलं घेऊन आत गेलं की पानं दोन्ही खांद्यांना लागतात, ओली असतात, आणि समोरून कोणी आलं तर एकाला पूर्ण मागं जावं लागतं. मध्यावर पोचलं की पुढचंही दिसत नाही आणि मागचंही नाही. हळद निघाल्यावर हा रस्ता राहील की पुन्हा नांगर फिरेल, हे मोठ्याबाबांनी सांगितलेलं नाही आणि मी अजून विचारलेलं नाही. बाबा घरी राहण्याचा विषय काढत नाहीत, पण तो मिटला असंही म्हणालेले नाहीत. मी पहिल्या एसटीनं जाते. हजेरीत माझं नाव वाचलं की ‘हजर’ म्हणते.

बस पुलावर येते तेव्हा मी डाव्या खिडकीतून पाहते. नाल्याच्या काठानं बाभळीखालून बाबा येत असतात, डोक्यावर टोपलं, पाय जपून टाकत. मान वळवता येत नसल्यामुळं ते बसकडं पाहत नाहीत.